स्फटिकाची परीक्षा

पाण्यासारखा नितळ, पैलूदार क्वार्ट्झचा स्फटिक हाती आला म्हणजे त्यात काही दोष असेल अशी शंकाही येत नाही. तथापि, असा स्फटिक ध्वनियंत्रात बसविला असता निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. असे का व्हावे?

१८८० साली पिअर व झाक क्यूरी या फ्रेंच बंधूंनी दाखवून दिले की, क्वार्ट्झवर विशिष्ट दिशेने दाब दिला असता त्याच्या पृष्ठांवर विद्युत् भार प्रकट होतो. उलटपक्षी, विद्युत् दाब लावल्यास स्फटिक किंचित आकुंचन वा प्रसरण पावतो. या गुणास दाबविद्युत् म्हणतात. पहिल्या महायुद्धात पॉल लांझव्हँ यांनी पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पोलादी पत्र्यांमध्ये क्वार्ट्झच्या चकत्या बसवून पाण्यात श्रवणातीत ध्वनिलहरी निर्माण केल्या.

क्वार्ट्झचा छुपा दोष म्हणजे जुळेपणा. स्फटिकाच्या एका भागातील विद्युत् दिशा कधी कधी शेजारच्या भागाच्या उलट असते. मग एकावर धन भार येतो तेव्हा दुसऱ्यावर ऋण भार येतो, आणि दोन्ही परस्परांस मारक ठरतात.

म्हणून परीक्षा क्रमाक्रमाने करतात. प्रथम, क्वार्ट्झइतकाच प्रकाश वळविणाऱ्या तेलात स्फटिक बुडवितात. त्यामुळे खडबडीत पृष्ठभाग जणू नाहीसा होऊन आतील भेगा व बुडबुडे दिसतात. ध्रुवित प्रकाशात एका प्रकारचे जुळे भागही ओळखू येतात. दुसऱ्या प्रकारचे जुळे भाग मात्र या प्रकाशालाही दाद देत नाहीत. त्यांसाठी कापलेल्या चकतीवर हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाची क्रिया करतात. मग तिरप्या प्रकाशात त्या भागांची चमक निरनिराळी दिसते.

क्वार्ट्झ ५७३ अंश सेल्सिअसच्या वर तापवून थंड केल्यास नवे जुळे भाग उद्भवू शकतात. म्हणून निर्दोष स्फटिकही जपूनच हाताळावा लागतो. प्रयोगशाळेत वाढविलेल्या क्वार्ट्झमध्ये पाण्याच्या अंशापासून आलेली अशुद्धी अवरक्त किरणांच्या शोषणावरून कळते.

शेवटची कसोटी कंपनाची. चकतीचे कंपन जितके सावकाश विरेल, तितकी ती उत्तम. पुढे पाण्यातील ध्वनियंत्रांत बहुतांशी दाबविद्युत् मृत्तिका-पदार्थ आले. परंतु घड्याळांत व रेडिओ-यंत्रांत कंपनांचा ठेका आजही क्वार्ट्झच राखतो.

बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो, कारण बारीक तडा डोळ्यांना दिसला नाही तरी नादातून कळतो. स्फटिकाच्या परीक्षेतील तत्त्व याहून फारसे निराळे नाही.