सौरज्वाला : सूर्यावरच्या आणि यादीतल्या

'एक्स वर्गाची सौरज्वाला' अशी बातमी आली की तो आकडा त्या ज्वालेचाच असावा असे वाटते. तसे नाही. 'गोज' मालिकेतले अमेरिकी उपग्रह भूस्थिर कक्षेतून ०.१ ते ०.८ नॅनोमीटर तरंगलांबीचे क्ष-किरण मोजतात, तेही अख्ख्या सूर्याचे एकत्र. दर चौरस मीटरला एका वॅटचा दशलक्षांश म्हणजे सी१; दहापट एम१, शंभरपट एक्स१. सीच्या खाली बी, त्याखाली ए. शिखरावर एकूण माप जेवढे, तोच ज्वालेचा दर्जा. ज्वाला नसतानाही येत असलेले क्ष-किरण, म्हणजे पार्श्वभूमी, त्यातून वजा होत नाही.

मोठ्या ज्वालेला याने फारसा फरक पडत नाही. लहानीचे मात्र भलतेच होते. समजा, एका ज्वालेने बी३ एवढी भर घातली. शांत काळात पार्श्वभूमी ए१ असेल, तर नोंद बी३.१ अशी होईल. सूर्य खवळलेल्या वर्षांत पार्श्वभूमी सी१पर्यंत चढते; तेव्हा तीच ज्वाला सी१.३ म्हणून दिसायला हवी. पण ती यादीत येतच नाही! ज्वाला सुरू झाल्याचे ठरवण्याचा रूढ नियम असा, की मिनिटागणिक चार मापे सलग चढती हवीत आणि चौथे पहिल्याच्या १.४ पटीहून जास्त हवे. आपली ज्वाला १.३ पटीवरच थांबते.

म्हणून यादीतल्या बी ज्वाला मोजून 'सूर्य खवळला की लहान ज्वाला कमी होतात' असे म्हणणे मला मान्य नाही. कमी होतात त्या नोंदी. मी मिनिटागणिकची मापे उतरवून घेतो, ज्वालेआधीचे माप वजा करतो आणि मगच तुलना करतो. आधीच्या ज्वालेची उतरण चालू असेल तर नेमके काय वजा करायचे, ही डोकेदुखी उरतेच.

पार्श्वभूमी खरोखर खाली गेली की काय हाती लागते, हे चांद्रयान-२वरच्या 'एक्सएसएम' या अहमदाबादेत घडलेल्या उपकरणाने दाखवले. २०१९-२०च्या शांत काळात, सूर्यडागांच्या प्रदेशांबाहेर, ए वर्गाहूनही क्षीण अशा ९८ सूक्ष्मज्वाला त्याला सापडल्या.

दुसऱ्या टोकाला ४ नोव्हेंबर २००३ची ज्वाला. 'गोज'चा संवेदक एक्स१७च्या आसपासच तुंबला आणि शिखर कोणीच पाहिले नाही. अंदाज बांधला गेला एक्स२८चा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. क्ष-किरणांमुळे आयनांबराची खालची सीमा आणखी खाली येते आणि पॅसिफिक ओलांडून येणाऱ्या दीर्घ रेडिओलहरींची कला बदलते. तो बदल मोजून त्यांनी आकडा काढला एक्स४५.

आणखी एक मेख आहे. गोज-८ ते गोज-१५ या उपग्रहांची या पट्ट्यातली मापे जुन्या मापांशी जुळावीत म्हणून ०.७ने गुणून प्रसिद्ध होत. गोज-१६पासून तसे करत नाहीत. जुना आकडा नव्याशेजारी ठेवायचा तर तो आधी ०.७ने भागावा लागतो. तसे केले की एक्स२८चे एक्स४० होतात.