पैलवानाचा थकवा मोजायला भिंत आणि खडू पुरे

तालमीतला मुलगा सहसा ‘दमलो’ म्हणत नाही. वस्ताद रागावतील ही भीती! मग थकवा ओळखायचा कसा?

पट काढायला जी झेप लागते, तिच्यासाठी स्नायूंत साठवलेली शक्ती जेमतेम दहा सेकंद पुरते. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. त्यात हा साठा वारंवार रिकामा होतो. रोजची मेहनत जास्त आणि विश्रांती कमी झाली, की ही झेप घटू लागते.

ती मोजायची सोपी रीत अमेरिकेतील डॉ. डडली सार्जंट यांनी १९२१ साली मांडली. बोटांना खडू लावून भिंतीला बाजू करून उभे राहावे, हात ताणून खूण करावी. मग जागेवरून उंच उडी मारून दुसरी खूण करावी. दोन खुणांमधले अंतर ही झेप. तीन उड्यांतली उत्तम धरावी. मुलगा ताजातवाना असताना आकडा वहीत लिहावा. पुढे दर आठवड्याला, त्याच वेळी, मेहनतीपूर्वी पुन्हा मोजावे. एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतेच. पण आकडा सतत उतरत असेल, जोडीला झोप व भूक मंदावली असेल, तर काही दिवस जोर-बैठका कमी कराव्यात. खुराक वाढवून हा थकवा जात नाही.

एकाच दिवशी हजारो बैठका मारण्याची पैज मात्र लावू नये. त्यानंतर मांड्या फार दुखून लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर मूत्रपिंडांना धोका असतो. अशा वेळी मालिश करीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.