लाकडी वातीची मेणबत्ती : पेटवावी कशी, जपावी कशी

नाताळच्या दिवसांत भेटवस्तूंची देवाणघेवाण होते. अलीकडे त्या भेटींमध्ये काचेच्या बरणीतील सुवासिक मेणबत्त्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. त्यांतील काहींना नेहमीची सुती वात नसते. तिच्या जागी आइस्क्रीमच्या काडीसारखी, पण तिच्याहून पातळ अशी लाकडाची चपटी पट्टी असते. पेटल्यावर तिची ज्योत रुंद व बुटकी दिसते आणि चुलीतील सरपणासारखा बारीक तडतड आवाज येतो. अशीच एक मेणबत्ती काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने आम्हांला प्रेमाने दिली. आम्ही ती आमच्या निवासातील प्रार्थनेच्या खोलीत ठेवली आणि रोज सायंकाळी रोझरीच्या वेळी लावू लागलो. आठवड्याभरातच ती नीट पेटेनाशी झाली. ज्योत क्षणभर तग धरी आणि विझून जाई. मेणबत्तीच खराब असावी, असा निष्कर्ष आम्ही काढला. पुढे चौकशी केल्यावर कळले की, दोष मेणबत्तीचा नसून आमच्या वापराचा होता. अनेक घरांतून हीच तक्रार ऐकू येत असल्यामुळे या विषयाची थोडी माहिती वाचकांपुढे ठेवत आहोत.

ज्योत जगते कशावर?

मेणबत्तीत वात जळते, असे आपण सहज म्हणतो. वास्तविक जळते ते मुख्यतः मेण. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, ते केशाकर्षणाने वातीतून वर चढते, तेथे त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. मायकल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी केवळ मेणबत्ती या एका विषयावर सहा व्याख्याने दिली होती. ज्योतीचा पिवळा उजेड म्हणजे तिच्यात तापून लकाकणारे कार्बनचे सूक्ष्म कण होत, हे त्याने त्या मुलांना प्रयोगांनी दाखवून दिले. हेच कण पुरते जळाले नाहीत, तर काजळी होऊन बाहेर पडतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. वातीला मेण फार मिळाले तर ती बुडते आणि कमी मिळाले तर ती उपाशी राहते. मेणबत्तीची सारी निगा म्हणजे हा तोल सांभाळणे होय.

सुती वात आणि लाकडी वात

सुती वात पूर्वी नुसती पिळलेली असे आणि तिचे जळके टोक वरचेवर कापावे लागे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये वेणीसारखी विणलेली वात आली. ती जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला पोहोचते आणि तेथे जळून राख होते. लाकडी वात अशी वाकत नाही. ती ताठ उभी राहते आणि तिच्या टोकावर कोळसा साचत जातो. या कोळशातून मेण नीट वर चढत नाही, म्हणून ज्योत मंदावते. सुती वातीची मेणबत्ती आपल्या दुर्लक्षाकडे काही काळ काणाडोळा करते, लाकडी वात मात्र तसे करीत नाही. तडतड आवाज येतो तो लाकडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकलेला ओलावा व वायू तापल्यामुळे. बेताचा आवाज हा दोष नव्हे.

पहिल्यांदा पेटवताना

पहिल्या वेळी मेणबत्ती इतका वेळ जळू द्यावी की, वितळलेले मेण बरणीच्या कडेपर्यंत सर्व बाजूंनी पोहोचेल. बरणीच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण एक तास, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे तीन इंची बरणीला सुमारे तीन तास लागतील. मधेच विझवली, तर मेणाचा जेवढा भाग वितळला तेवढेच वर्तुळ पुढच्या खेपेसही वितळते. कडेचे मेण तसेच राहते, मध्यभागी विहिरीसारखा खड्डा पडतो आणि वात त्यात बुडते.

आमची चूक नेमकी येथे झाली होती. रोझरीची प्रार्थना वीसेक मिनिटांत पूर्ण होते. रोज वीस मिनिटे पेटवून आम्ही त्या मेणबत्तीत स्वहस्ते विहीर खणत होतो. थोड्या वेळेच्या प्रार्थनेसाठी आपली नेहमीची बारीक, सुती वातीची मेणबत्तीच योग्य. जाड बरणीची मेणबत्ती ज्या दिवशी कुटुंब दोन-तीन तास एकत्र बसणार असेल, त्या दिवसासाठी राखून ठेवावी.

लाकडी वात पेटवताना काडी एकाच टोकाला लावू नये. बरणी किंचित तिरपी धरून वातीच्या पूर्ण रुंदीवर जाळ फिरवावा. एक-दोनदा विझली, तर पुन्हा पेटवावी. लांब दांड्याचा लायटर असल्यास बोटे भाजत नाहीत.

वात किती ठेवावी?

प्रत्येक वेळी पेटवण्यापूर्वी, मेण पूर्ण थंड व घट्ट असताना, वातीवरचा काळा भाग कागदी रुमालाने चिमटीत धरून मोडून टाकावा किंवा नेलकटरने कापावा. मेणाच्या वर ३ ते ५ मिलिमीटर वात राहिली पाहिजे. जास्त ठेवल्यास ज्योत भडकते, धूर निघतो आणि काच काळवंडते. फार कमी ठेवल्यास ती मेणात बुडते. मोडलेला कोळसा बरणीत पडू देऊ नये, कारण तोही पेट घेऊ शकतो. काडेपेटीच्या जळक्या काड्याही आत टाकू नयेत.

काळजी घेऊनही ज्योत तग धरत नसेल, तर वातीभोवती मेण जास्त झाले असे समजावे. ज्योत विझवून, वितळलेले थोडे मेण कागदी रुमालाने टिपून घ्यावे. ते मोरीत वा बेसिनमध्ये ओतू नये, थंड झाल्यावर ते नळीत घट्ट बसते. मध्ये खड्डा पडला असेल, तर न पेटवलेल्या मेणबत्तीवर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा सोडून वरचे मेण सपाट करून घेता येते.

जागा कोणती?

पंख्याखाली मेणबत्ती ठेवू नये. वाऱ्याने ज्योत हलते, मेण एका बाजूने वितळते, काजळी वाढते आणि काच असमान तापते. मात्र खोली अगदी बंदही नसावी. घरात दमेकरी वा लहान बाळ असल्यास उग्र वासाच्या मेणबत्त्या टाळलेल्या बऱ्या.

आपल्या घरांतील वेदीकडे एकदा या दृष्टीने पाहावे. क्रूसामागे झावळ्यांच्या रविवारची वाळलेली झावळी खोवलेली असते. खाली जाळीदार सुती कापड असते, बाजूला कृत्रिम फुले आणि वर पडदा. नाताळात गोठ्यातील गवत व कागदी डोंगर यांची भर पडते. हे सारे क्षणात पेट घेणारे आहे. मेणबत्ती या सर्वांपासून हातभर तरी दूर, सपाट व उष्णता सोसणाऱ्या ताटलीत ठेवावी. मुलांचा आणि मांजराचा हात तेथे पोहोचू नये.

केव्हा थांबावे?

एका वेळी चार तासांहून अधिक वेळ मेणबत्ती जळू देऊ नये. तळाशी सुमारे एक सेंटिमीटर मेण उरले की, ती पुन्हा कधीच पेटवू नये. मेण संपत आले की ज्योतीची उष्णता सरळ काचेच्या तळाला लागते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. ती भेट मिळालेली मेणबत्ती पुढे नीट जळू लागली, तेव्हा शेवटचा थेंबही वाया जाऊ नये या हट्टाने आम्ही ती तळापर्यंत जळू दिली. एका सायंकाळी दूरध्वनी आला म्हणून खोलीतून उठलो आणि बोलण्यात वेळ कसा गेला ते कळले नाही. परतलो तेव्हा बरणीचा तळ तडकला होता, टेबलावरील कापड करपले होते आणि करपलेल्या कडेपासून प्रार्थनापुस्तक चार बोटांवर होते. आणखी दहा मिनिटे गेली असती, तर काय झाले असते हा विचार आजही आम्हांला अस्वस्थ करतो. ज्या घरी वृद्ध आई-वडील एकटे असतात आणि प्रार्थना करता करता त्यांचा डोळा लागतो, त्या घराची आठवण आम्हांला त्या वेळी झाली. अशा ठिकाणी विजेरीवर चालणारा छोटा दिवा लावून दिला, तर प्रार्थनेत काही उणे होत नाही.

विझवताना फुंकर मारण्यापेक्षा बरणीवर झाकण ठेवावे, म्हणजे धूर कमी होतो व ठिणगी उडत नाही. पाणी कधीही ओतू नये. पाण्याची तत्काळ वाफ होऊन गरम मेण अंगावर उडते, शिवाय काच फुटू शकते. बरणीतील मेणच पेटले, तर शक्य असल्यास स्टीलची ताटली वर सरकवावी. आग आटोक्यात येत नसेल, तर घरातील सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

देवळातील मेणबत्ती

काहींनी आम्हांला विचारले की, अशी मेणबत्ती देवळातही का लावू नये? उपासनेतील मेणबत्तीला स्वतःचा अर्थ आहे. पास्काची मेणबत्ती खऱ्या मेणाची, दरवर्षी नवी आणि एकच असावी, असे १९८८ च्या व्हॅटिकनच्या परिपत्रकात स्पष्ट सांगितले आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीने जी मेणबत्ती दिली जाते, ती याच ज्योतीवर पेटवतात आणि ती ज्योत तेवत ठेवण्याची जबाबदारी आई-वडिलांवर व धर्ममातापित्यांवर सोपवतात. सुवासिक बरणी ही घराची शोभा आहे. ती घरीच शोभते.

तरीही त्या लाकडी वातीने आम्हांला एक धडा दिला. ज्योत लावणे सोपे आहे, तिच्याजवळ बसणे कठीण. येत्या नाताळात आपल्या घरी अशी मेणबत्ती आली, तर ती लावण्यापूर्वी आपल्याला तिच्याजवळ बसायला किती वेळ आहे, एवढे स्वतःला अवश्य विचारावे. वेळ नसेल, तर ती खुशाल कपाटात ठेवावी. सर्व वाचकांच्या घरी प्रकाश नांदो आणि तो सुरक्षित राहो, ही प्रभुचरणी प्रार्थना.