पेटीची बखर आणि पेटीचे दप्तर

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना त्यांनी धरलेला आग्रह इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. बखर मागाहून रचलेली असते, अस्सल पत्र घटनेच्या वेळचे असते. दोहोंत विरोध आला तर कौल पत्राला. हाच आग्रह एका वेगळ्याच क्षेत्रात, कार्यालयातल्या सर्व्हरच्या दुरुस्तीत, कसा उपयोगी पडतो हे येथे पाहायचे आहे.

सर्व्हर म्हणजे येथे मोठे संगणककेंद्र नव्हे. महाविद्यालय, पतसंस्था किंवा वाचनालय यांच्या कार्यालयात कपाटावर ठेवलेली एक पेटी. ना पडदा, ना कीबोर्ड. १९९८ साली कोबाल्ट या अमेरिकी कंपनीने ‘क्यूब’ नावाचा निळा ठोकळा बाजारात आणला, त्याने हा प्रकार लोकप्रिय केला. आत लिनक्स, आणि मेलपासून फाइलींपर्यंत सारा कारभार ब्राउझरमधल्या एका पानावरून. सन कंपनीने २००० साली कोबाल्ट विकत घेतली आणि २००३ पर्यंत ते उत्पादन गुंडाळले. कल्पना मात्र टिकली. जुन्या संगणकावर लिनक्स बसवून तशीच पेटी स्वस्तात तयार करता येते. १९९० साली जळगावला विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा परिपत्रके टपालाने येत, आता मेलने येतात. पेटी गप्प झाली की परीक्षेच्या अर्जाची मुदत टळू शकते आणि भुर्दंड विद्यार्थ्याला बसतो.

पहिली तक्रार ठरलेली: ‘सर्व्हर आपोआप बंद पडतो.’ ही झाली बखर. लिनक्स मात्र प्रत्येक घटना तारीख-वेळेसह लॉगमध्ये, म्हणजे आपल्या दप्तरात, टिपून ठेवते. पेटी रीतसर बंद झाली असेल तर एकेक सेवा थांबवल्याच्या ओळी तेथे सापडतात. ओळी मध्येच तुटून पुढची ओळ थेट नव्याने सुरू झाल्याची असेल, तर संशय आधी वीज आणि यंत्रभागांवर घ्यावा. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत कार्यालयोकार्यालयी इन्व्हर्टर आले. पण साध्या इन्व्हर्टरला विजेवरून बॅटरीवर येताना क्षणभर लागतो. तेवढ्यात पंखा थांबत नाही, संगणक मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अशा झटक्यानंतर जुनी ext२ पद्धतीची डिस्क आधी स्वतःची तपासणी करते आणि गंभीर चूक आढळल्यास माणसाच्या उत्तराची वाट पाहत थांबते. पडदाच नसल्याने तो प्रश्न कोणाला दिसत नाही, आणि सर्वांना वाटते पेटी मेली. २००१ च्या अखेरीस लिनक्समध्ये ext३ आली. तीत चालू फेरबदलांची रोजकीर्द आधी लिहिली जाते, म्हणून झटक्यानंतर सावरणे सोपे झाले.

दुसरा संशयित उन्हाळा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. बंद कपाटातली हवा त्याहून गरम. त्यात पंख्यावर धूळ, आणि जिनिंग जवळ असेल तर कापसाचे तंतूही. अशा वेळी बंद पडण्याच्या वेळा एका कागदावर मांडाव्यात. त्या दुपारी दोन ते पाचमध्ये गोळा होत असतील तर उष्णता. रोज रात्री एकाच वेळी येत असतील तर त्या वेळी चालणारे बॅकअपसारखे काम आणि अपुरी मेमरी. मेमरी संपली की लिनक्स एखादे काम स्वतःच मारून टाकते आणि तशी नोंदही करते. बळी अनेकदा व्हायरस तपासणारा प्रोग्राम असतो, आणि त्याच्यामागे मेल अडकते.

दुसरी तक्रार: ‘मेल गेली, पण पोचली नाही.’ मेल पाठवताना ती आधी पेटीतल्या रांगेत पडते. समोरच्या सर्व्हरचे उत्तर ४ ने सुरू होणारे असेल तर ‘आत्ता नको, नंतर या’. ५ ने सुरू होणारे असेल तर कायमचा नकार. पहिल्या प्रकारात पेटी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि बहुधा पाच दिवसांनी हार मानून मेल परत करते. मुदत तीन दिवसांची असेल तर ते परत येणे व्यर्थ. म्हणून रांग रोज पाहावी. डिस्कवर जागा दिसत असूनही ‘जागा नाही’ असा निरोप आला तर फाइलींची संख्या मोजावी: काही पद्धतींत प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते आणि जागेआधी फाइलींची मर्यादा संपते.

नकारांचे मोठे कारण ओळखीचे असते. पेटीचा इंटरनेट पत्ता उलट शोधला तर संस्थेचे नाव यायला हवे. घरगुती ब्रॉडबँडवर ते येत नाही. या संस्थेच्या नावाने कोणती यंत्रे मेल पाठवू शकतात हेही डोमेनच्या नोंदीत जाहीर करावे लागते. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून असे नियम कडक केले.

दप्तरावर विसंबण्याआधी तिथी तपासावी. पेटीतला बटनासारखा सेल संपला की वीज जाताच घड्याळ अनेक वर्षे मागे जाऊ शकते. मग नोंदींचा क्रम बिघडतो, सुरक्षा प्रमाणपत्रे ‘अजून लागू नाहीत’ ठरतात आणि मेल उघडत नाही.

तरी बखर फेकून देऊ नये. अमेरिकेतल्या ट्रे हॅरिस यांनी २००२ साली सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. त्यांच्या विद्यापीठातील संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांची तक्रार होती की मेल ५०० मैलांपलीकडे जात नाही. ती खरी निघाली. मेल-प्रोग्रामची आवृत्ती बदलल्याने वाट पाहण्याची मुदत शून्य झाली होती. प्रत्यक्षात जे काही सहस्रांश सेकंद मिळत, तेवढ्यात संदेश फार दूर पोचत नसे. जळगावात हे घडते तर मेल मुंबईला गेली असती, कोलकात्याला नाही. बखरीने दिशा दाखवली, पुरावा मोजणीने दिला.

म्हणून बिघाड होताच पेटी बंद-चालू करण्याची घाई नको. काही पेट्यांत लॉग मेमरीतच असतात, ते त्यासरशी पुसले जातात. आधी लॉगची नक्कल, मग एका वेळी एकच बदल, आणि तो तारखेसह वहीत. काही महिन्यांची वही हाती असली की पेटी ठेवायची की मेल बाहेरच्या सेवेकडे सोपवायची, हे संस्थेला ठरवता येते. वही नसेल तर हा निर्णयही ऐकीव गोष्टींवर होतो, आणि नव्या सेवेतली पहिली अडचण आली की संस्था पुन्हा तेथेच येऊन उभी राहते.