बसऱ्याच्या भिंतीवरचे आकडे

१९९३ च्या भूकंपानंतर आमच्या सास्तूरचे ढिगारे उपसायला लष्कराचे जवान आले होते. त्यामुळे सैनिकांचा विषय निघाला की वर्गात आम्ही जरा रेंगाळतोच.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींमध्ये दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या, हे मुलांना ठाऊक नसतं. (पालकांना तरी कुठे असतं!) १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी इराकात कुत इथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि पुढे कैदेतही कित्येक गेले.

इराकच्या त्या लढाईत पडलेल्या, पण ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक १९२९ मध्ये बसऱ्यात उभं राहिलं. त्यावर साध्या गोऱ्या शिपायाचंही नाव आहे. भारतीय पलटणींत मात्र फक्त अधिकाऱ्यांची नावं. खाली ‘आणि इतर’ इतके शिपाई, असा नुसता आकडा. स्मारक सांभाळणाऱ्या ब्रिटनमधल्या आयोगाने अशा भेदभावाबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये.

हजेरीपटावर आम्ही ‘आणि इतर चाळीस’ लिहिलं, तर पालक शाळेवर चालून येतील.

तुमच्या घरी पणजोबांच्या पेटीत त्या लढाईचं पदक असेल, तर त्याची कड उजेडात धरून पाहा. तिथे शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते.