तेराव्या महिन्यावर आळ

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. एरवी निवांत असणारं हे गाव अधिक महिना लागला की माणसांनी भरून जातं. गोदावरीत स्नान, पुरुषोत्तमाचं दर्शन, धोंड्यांचा नैवेद्य असं महिनाभर चालतं. ज्या महिन्यात लग्न नको, मुंज नको, वास्तुशांत नको, ज्याला मलमास म्हणून नाक मुरडायचं, त्याच महिन्यात इथे यात्रा! गावही जुनं आहे. रामचंद्रदेव यादवाच्या काळातला, शके 1232 म्हणजे इ. स. 1310 चा ताम्रपट याच गावाच्या नावाने ओळखला जातो.

अधिक महिना ग्रहांच्या कोपामुळे येतो, हा पहिला गैरसमज. तो येतो निव्वळ हिशेबातून. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत सरासरी 29.53 दिवस लागतात. असे बारा महिने म्हणजे 354 दिवस. ऋतू मात्र सूर्यावर चालतात आणि त्याचं वर्ष 365 दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. हिजरी कालगणना ती भरून काढत नाही, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. आपणही ती भरली नसती तर पोळा भर उन्हाळ्यात आला असता. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक धरायचा, एवढाच नियम. एकोणीस वर्षांत साधारण सात वेळा असं होतं.

अधिक महिन्यामुळे दुष्काळ पडतो, हा दुसरा समज बीडमध्ये सहज मूळ धरतो, कारण त्याला अनुभवाचा आधार वाटतो. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण घरोघरी आहे आणि यादीही तयार असते: 1972, 2012, 2015, 2018. ही सगळी दुष्काळाची वर्षं आणि या प्रत्येक वर्षी अधिक महिना होता, हे खरंच आहे. पण यादी तिथेच थांबवली जाते. 2014 साली अधिक महिना नव्हता, तरी मराठवाडा कोरडा पडला. 2020 साली अधिक आश्विन होता, तेव्हा इतका पाऊस झाला की काढणीला आलेली पिकं पाण्यात गेली. म्हणीचा अर्थही तसा साधाच आहे: आधीच कणगी रिकामी, त्यात पोटाला आणखी एक महिना. महिन्यामुळे दुष्काळ पडतो, असं ती म्हणत नाही.

हा खटाटोप आपल्याच पंचांगात आहे असंही नाही. फ्रान्समधल्या कॉलिनी इथे 1897 साली केल्ट लोकांचं ब्राँझवर कोरलेलं पंचांग तुकड्यांत सापडलं. त्यात पाच वर्षांचे 62 महिने, म्हणजे दोन जादा. आपल्या वेदांग ज्योतिषातलं पाच वर्षांचं युगही बरोबर 62 चांद्रमासांचं! हल्ली मोबाइलवर फिरणारं ‘प्राचीन केल्टिक वृक्षभविष्य’ मात्र प्राचीन नाही. त्याचं मूळ रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1948 सालच्या पुस्तकात मांडलेल्या कल्पनेत आहे.

पावसाची नक्षत्रं चंद्राची, हा आणखी एक घोटाळा. मृग निघतो तो सूर्य त्या नक्षत्रात गेल्यावर, 7 किंवा 8 जूनला. म्हणून महिना अधिक असो की निज, मृगाची तारीख जवळपास हलत नाही. 2026 मधला मृग तर अधिक ज्येष्ठातच पडतो. म्हणून पेरणी थोपवायचं काही कारण नाही. थोपवायची ती ओलीसाठी, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत.

राहता राहिलं नक्षत्राचं वाहन, ज्यावरून पावसाचा अंदाज बांधतात. सूर्य नक्षत्र बदलतो त्या दिवशी त्याच्या नव्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं आणि बाकी बघायची. तीन उरले तर बेडूक, आठ उरले तर गाढव. या भागाकारात ढग नाहीत, वारा नाही, गावही नाही. त्यामुळे बेडूक निघाला की तो कमी पावसाच्या आष्टीसाठीही निघतो आणि धो धो पावसाच्या आंबोलीसाठीही.