झोपलेल्याची साक्ष कोणी द्यायची?

घरात कोणी मोठ्याने घोरू लागले की आपण म्हणतो, ‘दमलाय, गाढ झोप लागलीय.’ पण त्या घोरण्यात मधेच शांतता पडते का? दहा-वीस सेकंद काहीच आवाज नाही आणि मग हिसका बसून श्वास सुरू होतो, असे होते का? तसे असेल तर ती झोप गाढ नव्हे. तो ‘स्लीप ॲप्निया’ असू शकतो.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. काहींचा श्वासमार्ग त्यामुळे मिटतो, रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जाग आणून श्वास सुरू करतो. आजार बळावला की रात्रीत हे शेकडो वेळा घडते. सकाळी रोग्याला यातले काही आठवत नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये ३० ते ६० वयोगटाची झोप तपासली गेली. तासाला पाच किंवा अधिक वेळा श्वास अडणारे पुरुष २४ टक्के आणि स्त्रिया ९ टक्के निघाल्या, असे १९९३ साली प्रसिद्ध झाले. याच संशोधकांच्या १९९७च्या अंदाजानुसार, मध्यम ते तीव्र आजार असलेल्या ८२ टक्के पुरुषांचे आणि ९३ टक्के स्त्रियांचे निदानच झालेले नव्हते.

मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातले ३५ ते ६५ वयाचे पुरुष रुग्णालयात केवळ नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आले होते. तरी १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत अडत होता, ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसा अनावर झोपही येत होती.

मग डॉक्टरांना हे दिसत का नाही? रोगी थकवा, सकाळची डोकेदुखी किंवा वाढलेला रक्तदाब घेऊन जातो. त्या तक्रारींवर गोळ्या मिळतात. झोपेची चौकशी राहून जाते. अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या १९९३च्या पाहणीत, निद्राविकारांच्या शिक्षणाला संपूर्ण अभ्यासक्रमात सरासरी दोन तासही मिळत नसल्याचे आढळले होते. जे शिकवलेच नाही, ते विचारले कसे जाणार?

उपाय मात्र आहे. रात्रभराच्या झोपतपासणीने निदान होते. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली सिडनीत दाखवलेली, नाकावाटे हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारी ‘सीपॅप’ पद्धत आज जगभर वापरात आहे. उपचार टाळल्यास रक्तदाब आटोक्यात येत नाही, गाडी चालवताना डुलकी लागण्याचा धोकाही राहतो.

या आजाराचा साक्षीदार रोगी नसतो. शेजारी जागे राहिलेले माणूस असते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना त्यालाही सोबत न्यावे. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तर त्यानेच आपणहून सांगावे.